गोल्फ ट्रेलची वाट धरावी का?

अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यात शिक्षकांच्या आणि सरकारी नोकरांच्या पेन्शन फंडाने गोल्फच्या मैदानांत पैसा गुंतवला, असे सांगितले तर आपल्याकडे पटकन कुणाला खरे वाटणार नाही. पेन्शन म्हणजे जपून ठेवायचा पैसा आणि गोल्फ म्हणजे श्रीमंतांचा शौक, अशीच आपली समजूत. पण तसे झाले आहे. 'रॉबर्ट ट्रेंट जोन्स गोल्फ ट्रेल' या नावाने आज त्या राज्यात ११ ठिकाणी २६ मैदाने आणि ४६८ होल आहेत. उत्तरेला टेनेसी नदीपासून दक्षिणेला मोबाइल शहराच्या समुद्रकाठापर्यंत ही मैदाने पसरली आहेत.

ट्रेल म्हणजे एका वाटेवर ओवलेली मैदानांची माळ. प्रवाशाने गाडी घ्यावी, एका ठिकाणी खेळावे, मुक्काम करावा, पुढच्या ठिकाणी जावे. आमच्या भाईजानांनी आखाती देशात नोकरी करताना हा खेळ शिकला. निवृत्तीनंतर मिळालेल्या रकमेतला थोडा भाग त्यांनी एका लांबच्या सफरीसाठी बाजूला ठेवला होता. त्यामुळे "हा खर्च वसूल होईल का?" हा प्रश्न आमच्या घरात नुसता गप्पांचा नव्हता. आम्ही चौघे गेलो होतो: भाईजान, भाभी आणि आम्ही नवराबायको. खेळणारे दोघे, न खेळणारे दोघे. म्हणूनच दोन्ही बाजूंनी सांगता येईल.

आधी थोडा इतिहास. डेव्हिड ब्रॉनर हे अलाबामाच्या पेन्शन संस्थेचे प्रमुख. राज्यात पर्यटक यावेत, उद्योग यावेत, निवृत्त माणसे येऊन स्थायिक व्हावीत आणि राज्याची कमाई वाढली की पेन्शन फंडाचेही भले व्हावे, असा त्यांचा हिशेब होता. मैदानांची आखणी रॉबर्ट ट्रेंट जोन्स यांच्याकडे सोपवली गेली. १९०६ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेला हा जगप्रसिद्ध आखणीकार तेव्हा ऐंशी ओलांडून गेला होता. १९९२ पासून मैदाने खुली होऊ लागली.

आम्ही ऑक्टोबर महिना निवडला. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे कोकणातल्या मे महिन्यासारखा दमट उकाडा असतो आणि दुपारी विजांसह पाऊस येतो. अटलांटा विमानतळावरून भाड्याची गाडी घेऊन सुमारे १७० किलोमीटरवरच्या ओपेलायका गावी गेलो. तिथले 'ग्रँड नॅशनल' सुमारे ६०० एकरांच्या तळ्याभोवती वसलेले आहे. ५४ पैकी ३२ होल पाण्याच्या कडेने जातात. चेंडू जरा वाकडा गेला की पाण्यात. भाईजान दोन दिवसांत बरेच चेंडू तळ्याला देऊन आले, तरी चेहऱ्यावर नाराजी नव्हती.

जोन्स यांचे एक सूत्र प्रसिद्ध आहे: ठरलेल्या फटक्यांत होल पूर्ण करणे अवघड असावे, पण एक फटका जास्त घेऊन कुणालाही जमावे. म्हणूनच प्रत्येक होलला सुरुवातीच्या जागा अनेक आहेत. वय आणि ताकद ओळखून पुढची जागा घेतली तर खेळ आनंदाचा होतो. ईर्षेने मागची घेतली तर दिवसभर दमछाक. चढउतार खूप आहेत. पायी फिरण्याचा हट्ट न धरता बॅटरीवरची छोटी गाडी घेणेच बरे. नवशिक्यांसाठी ग्रँड नॅशनलला आखूड होलचे वेगळे मैदान आहे. तिथे भाभींनीही आयुष्यात पहिल्यांदा काठी हातात धरली.

पुढचा मुक्काम मॉन्टगोमेरी. तिथून जवळच प्रॅटव्हिलला 'कॅपिटॉल हिल'ची तीन मैदाने आहेत. नावेही राज्यकारभारातली: जज, सेनेटर, लेजिस्लेटर. 'जज'चा पहिला फटका सुमारे २०० फूट उंचावरून खाली नदीकाठी मारायचा असतो. खाली पाणी, पलीकडे झाडी आणि सकाळचे धुके. न खेळणाऱ्यानेही एकदा तिथे उभे राहावे.

पण मॉन्टगोमेरीत आम्हाला सर्वांत जास्त थांबवले ते गोल्फने नव्हे. १९५५ मध्ये रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा सोडायला नकार दिला तो याच शहरात. त्यानंतर इथल्या काळ्या नागरिकांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. त्या ठिकाणी आज संग्रहालय आहे. गुलामगिरीपासून तुरुंगापर्यंतची कहाणी सांगणारे 'लेगसी म्युझियम' २०१८ पासून इथे उभे आहे. खेळणारे दोघे सकाळी मैदानावर असायचे, न खेळणारे दोघे शहरात. दुपारनंतर सगळे एकत्र. एका संध्याकाळी, दोन्ही संग्रहालये पाहून आल्यावर, भाभी म्हणाल्या, "तुमचे होल तुम्ही मोजा, आमचा दिवस भरला."

या इतिहासाचा गोल्फशीही संबंध आहे. तिथून सुमारे दीडशे किलोमीटरवर बर्मिंगहॅम शहर आहे. त्याच्याजवळ 'शोल क्रीक' नावाचा खासगी क्लब आहे. १९९० मध्ये तिथे मोठी व्यावसायिक स्पर्धा व्हायची होती. त्याआधी, काळ्या माणसांना सभासद करून घेण्यासाठी आमच्यावर कुणी दबाव आणू शकत नाही, अशा आशयाचे उद्गार क्लबच्या संस्थापकांनी काढले. देशभर गदारोळ झाला, जाहिरातदारांनी हात आखडले. शेवटी क्लबने एका काळ्या उद्योजकाला सभासद करून घेतले. त्यानंतर भेदभाव करणाऱ्या क्लबात स्पर्धा घ्यायच्या नाहीत, असे व्यावसायिक गोल्फच्या संस्थेने ठरवले. त्याच राज्यात दोनच वर्षांनी अशी मैदाने खुली झाली, जिथे सभासदत्व विचारले जात नाही. फी भरा आणि खेळा.

आपल्यालाही हे नवे नाही. मुंबईत गोऱ्यांचे क्लब हिंदी माणसाला दारात उभे करत नव्हते, तेव्हा १९१८ मध्ये सर्वांसाठी म्हणून विलिंग्डन क्लब निघाला. आज आपल्याकडे रंगाचा अडसर नाही, पण सभासदत्वाचा आहे. चांगल्या मैदानावर खेळायचे तर कुणी सभासद ओळखीचा लागतो, नाहीतर पाहुण्यांची भारी फी मोजावी लागते. अनोळखी माणसाला दार उघडे असणे, हीच आमच्या मते ट्रेलची मोठी किंमत आहे.

आता पैशांचे. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचवर एका फेरीला ५०० डॉलरहून जास्त मोजावे लागतात. ट्रेलवरची बहुतेक मैदाने त्या मानाने फार स्वस्त आहेत. बर्मिंगहॅमजवळचे रॉस ब्रिज तेवढे महाग. खरा खर्च वेगळाच: गाडी, पेट्रोल, मुक्काम आणि विमानात काठ्यांच्या पिशवीचे जादा भाडे. थोडेच खेळायचे असेल तर काठ्या तिथेच भाड्याने घ्याव्यात.

सर्वांत मोठा खर्च मात्र वेळेचा आहे. मोबाइलपासून हंट्सव्हिलपर्यंत साडेपाचशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे. एका फेरीला चार-साडेचार तास लागतात. सकाळची वेळ घेतली तर जोहरच्या सुमारास मोकळे होता येते. पण रोज खेळून, रोज सामान बांधून, रोज दीडदोनशे किलोमीटर गाडी हाकायची म्हटले तर ती सफर राहत नाही, नोकरी होते. एका मुक्कामात आम्हाला भेटलेले एक गृहस्थ दहा दिवसांत अकराही ठिकाणे उरकत होते. कुठल्या मैदानावर काय पाहिले, हे त्यांना आठवेना.

जेवणाबाबत एक सूचना. दक्षिणेकडे उसळी आणि पालेभाज्यांतही अनेकदा डुकराचे मांस किंवा चरबी घालतात. भाजी म्हटले की निर्धास्त, असे समजू नये, विचारून घ्यावे. मासे भरपूर मिळतात, पण तळणीचे तेल कोणते तेही विचारावे. बर्मिंगहॅमसारख्या मोठ्या शहरात हलालची सोय सापडते.

आणखी एक गोष्ट. अलाबामानंतर टेनेसी, लुइझियाना अशा राज्यांनीही आपापल्या ट्रेल काढल्या. पण ट्रेल म्हणून जाहिरात केलेली प्रत्येक गोष्ट सारखी नसते. कुठे एकाच व्यवस्थेखाली सर्व मैदाने असतात, एका फोनवर नोंदणी होते आणि दर्जा सारखा राहतो. कुठे नुसती वेगवेगळ्या मालकांची नावे एका नकाशावर छापलेली असतात. पैसे भरण्याआधी हा फरक तपासावा.

तर ट्रेल धरावी का? धरावी, पण पूर्ण करण्यासाठी नव्हे. आठवडा हाताशी असेल तर दोन किंवा तीन ठिकाणे पुरेत. ओपेलायका, मॉन्टगोमेरी, बर्मिंगहॅम हा त्रिकोण अटलांटाहून निघून अटलांटाला परत येणाऱ्यांसाठी सोयीचा आहे. एका ठिकाणी दोन रात्री तरी राहावे. मुले बरोबर असतील तर हंट्सव्हिल जोडावे, तिथले अवकाश केंद्र मुलांना आवडेल. घरात एकच जण खेळणारा असेल, तर मुक्काम मैदानाशेजारी न घेता शहरात घ्यावा. म्हणजे एकाच्या शौकासाठी बाकीच्यांना खोलीत बसावे लागणार नाही.

भाईजानांनी सात दिवसांत पाच फेऱ्या खेळल्या. परतीच्या विमानात त्यांनी खर्चाची वही उघडली, बेरीज केली आणि भाभींपुढे धरली. भाभींनी आकडा पाहिला आणि एवढेच म्हटले, "ठीक आहे. पुढच्या वेळी समुद्रकाठची बाजू पाहू."