लाजाळूची लाज

पाताळगंगेच्या खोऱ्यांतील आमच्या मोहोपाड्यास पावसाळा लागला कीं घरामागील बांधावर लाजाळूचें रान माजतें. परवां धाकटी नात तेथें बसून एकेक पान बोटानें मिटवीत होती. "आजोबा, हिला लाज कां हो वाटते?" तिनें विचारलें. 'लज्जालु' शब्दाची व्युत्पत्ति आम्ही जन्मभर वर्गांत सांगितली. पण व्युत्पत्ति म्हणजे उत्तर नव्हे. अखेर वनस्पतिशास्त्र शिकलेल्या पुतण्यासच शरण गेलों.

त्यानें दाखविलें तें असें: देठाच्या बुडाशीं व प्रत्येक पर्णिकेच्या मुळाशीं एक बारीक फुगीर सांधा असतो. त्यांतील पेशी पाण्यानें ताठ असतात. स्पर्श होतांच विजेची सूक्ष्म लहर पानांतून धांवते. सांध्याच्या एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियम व क्लोराइड हे क्षार बाहेर पडतात, त्यांमागोमाग पाणीहि जातें. ती बाजू ढिली पडते आणि पान मिटतें. आचार्य जगदीशचंद्र बसूंनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं आपल्या यंत्रांनीं ह्याच झाडावर असले प्रयोग केले होते.

पण हा खटाटोप कशासाठीं? २०२२ सालीं जपानी शास्त्रज्ञांनीं पान मिटण्याची शक्ति काढून घेतलेलीं झाडें टोळांपुढें ठेविलीं. टोळांनीं तीं साध्या झाडांहून अधिक फस्त केलीं. म्हणजे ही लाज नव्हे, बचाव आहे! मात्र मिटलेल्या पानास ऊन कमी मिळतें; उगाच मिटणें झाडास परवडत नाहीं. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत कुंड्या थोड्या उंचीवरून वारंवार खालीं सोडल्या. इजा होत नाहीं असें अनुभवास येतांच झाडांनीं मिटणें सोडलें. २८ दिवसांनीं तसाच धक्का दिला, तरीहि तीं पूर्वीसारखीं मिटलीं नाहींत.

हें ऐकून आम्हांस आमचा एक विद्यार्थी आठवला. प्रश्न विचारला कीं तो मान खालीं घाली. वर्गासमक्ष आम्ही त्यास 'लाजाळू' म्हणत असूं व सारा वर्ग हंसे. त्याच्यावर आम्ही छडी कधीं उगारली नाहीं, हें आमचें समाधान. पण इतरांवर उगारलेली तो रोज पाहत होता. चार वर्षें तो आमच्यापुढें मिटूनच बसला, आणि आम्ही त्या भीतीस लाज समजलों! येथें इजा होणार नाहीं, असा अनुभव त्यास आम्ही एकदांहि दिला नाहीं.

नातीनें मिटल्या पानाकडे पुन्हां बोट नेलें. "थांब बाळ," आम्ही म्हणालों, "आधीं उघडूं दे." मग दोघेंहि बांधावर वाट पाहत बसलों.