रिकामी चौकट

पीएच.डी. पदरी पडली, पण महाविद्यालयाचे दार काही उघडले नाही. तासिकांच्या मानधनावर वर्षे काढून अखेर आम्ही कौशल्य-प्रशिक्षक झालो. नेमणूक नाही, रजा नाही; वर्ग भरला तर पैसे.

परळी वैजनाथला मुलाखतीच्या तयारीचा वर्ग मिळाला. १९७१ साली सुरू झालेले इथले औष्णिक वीजकेंद्र २०१३च्या दुष्काळात पाण्यावाचून बंद ठेवावे लागले होते. नोकरी म्हणजे काय, हे ठाऊक असलेले हे गाव. मुले जीव ओतून शिकत.

दसरा सरला, ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या आणि तिसांपैकी अठराच उरले. मानधन तर हजेरीवर! संस्थेचे गृहस्थ म्हणाले, "सर, सह्या पूर्ण करून टाका. कोण बघतंय?"

घरभाडे थकलेले. आम्ही पेन उचलले, खोटे कशाला सांगावे? पहिलीच रिकामी चौकट वर्गात सर्वांत नेटके बोलणाऱ्या मुलीची होती. आदल्या दिवशीच ती सांगून गेली होती, "घरच्यांनी उचल घेतलीय, सर. माझं नाव तेवढं काढू नका. कारखाना बंद झाला की येते."

आम्ही अठराच दाखवले. पुढचा वर्ग काही मिळाला नाही. तिचे नाव मात्र अजून आमच्या वहीत आहे.