बेचाळीस मारले, बावन्न खाल्ले

आधीच सांगून टाकते, मला फुटबॉलमधलं काही कळत नाही. त्यातून हा अमेरिकन फुटबॉल. म्हणजे जो हातात धरून पळायचा तो! पण २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये मावशीने दिवाळीच्या फराळाचे पाच डबे देऊन मला लॉस एंजेलिसला दादाकडे धाडलं (मी कामासाठी चालले होते, पण मावशीच्या लेखी मी कुरिअर!), आणि पहिल्याच शनिवारी दादाने मॅचचं तिकीट हातात ठेवलं. दादा यूएससीचा, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाचा. एमएस होऊन पाच वर्षं झाली, तरी टीमचा विषय निघाला की अजून ‘आपण’. आपण जिंकलो, आपण माती खाल्ली.

कॉलेजची मॅच म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर काय, तर पुरुषोत्तमची गर्दी. प्रत्यक्षात कोलिझियम! १९३२ आणि १९८४ ची ऑलिम्पिक्स जिथे झाली ते, सत्तर हजारांवर माणसं मावणारं स्टेडियम.

मॅचच्या आधी कॅम्पसच्या हिरवळीवर तंबू ठोकून खाणं-पिणं चालतं. तिथे चिवड्याचा डबा उघडला आणि वादाला तोंड फुटलं. वादी तिघं. दादा, त्याचा रूममेट नाशिककर आणि एक कोल्हापूरकर, जो गावाकडे कबड्डी खेळायचा. माझ्यासारख्या अडाण्यांसाठी थोडक्यात सांगते : या खेळात चढाई करणारे अकरा वेगळे आणि अडवणारे अकरा वेगळे. त्यांचे कोचही वेगळे, आणि सगळ्यांच्या वर एक हेड कोच. आपली चढाई झकास होती. कॅलेब विल्यम्स नावाच्या पोराने २०२२ चा हाइस्मन म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मोठा मान मिळवलेला. घोळ होता तो डिफेन्सचा. सीझनच्या पहिल्या सहा मॅच जिंकल्या खऱ्या, पण कशा? कोलोरॅडोशी ४८-४१. अॅरिझोनाशी तीन ओव्हरटाइमनंतर ४३-४१. मग नोटर डेम आणि युटाकडून हार, आणि आदल्याच शनिवारी कॅलशी ५०-४९. जिंकलेल्या मॅचचे आकडे हे!

‘‘डिफेन्सचा कोच हाकला, विषय संपला,’’ नाशिककर. कोच म्हणजे अॅलेक्स ग्रिंच.

‘‘कोच काय करंल? पकडच न्हाई,’’ कोल्हापूरकर. ‘‘नुसता हात लावत्यात. कंबर धरायची सोडून बॉल हिसकवायला बघत्यात.’’

यात तथ्य होतं म्हणे. ग्रिंचचा सगळा भर बॉल हिसकावण्यावर. २०२२ मध्ये ते जमलं, भरपूर बॉल मिळाले आणि टीम अकरा मॅच जिंकली. पण हिसकावणं फसलं की समोरचा सुटतो तो सुटतोच. शेवटी कॉटन बोलमध्ये ट्युलेनकडून ४६-४५ अशी हार. धोक्याची घंटा तेव्हाच वाजली होती.

‘‘आणि त्याला आणलं कोणी?’’ दादा एकदम चढ्या आवाजात. ‘‘हेड कोच रायलीने! ओक्लाहोमात पण हाच त्याच्या हाताखाली होता. काय मिळणार ते माहीत होतं ना त्याला? मग एकट्या ग्रिंचचीच मान का?’’

‘‘तुला त्याचा एवढा पुळका का रे?’’ नाशिककर हसला. दादा नाही हसला. मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

मॅच वॉशिंग्टनशी. आपण ४२ पॉइंट्स केले. त्यांनी ५२. त्यांचा एक गडी, डिलन जॉन्सन, एकटा २५६ यार्ड पळाला. पहिल्या अर्ध्या तासात मला नियम कळले नव्हते, पण पकड सुटतेय हे दिसत होतं. आपला माणूस त्याच्या अंगावर जातो, हात लागतो आणि तो पुढे! माझ्या मागचे एक आजोबा प्रत्येक वेळी डोक्यावरची टोपी काढायचे, तिच्याकडे बघायचे आणि परत घालायचे. मॅच संपल्यावर कॅलेब विल्यम्स स्टँडमध्ये चढून आईच्या कुशीत शिरला आणि ढसाढसा रडला. आम्ही ते फोनवर पाहिलं. एकवीस वर्षांचं पोरगं.

चालत घरी येताना दादा म्हणाला, ‘‘माझी नोकरी गेलीय. मंगळवारी.’’

पंधरा मिनिटांची मीटिंग. ज्या प्रॉडक्टसाठी याची टीम नेमली होती ते चाललं नाही. ते काढायचं ज्याच्या डोक्यातून आलं, तोच साहेब स्क्रीनवर सॉरी म्हणत होता. एच-वन-बी व्हिसावर नोकरी गेली की साठ दिवस मिळतात. त्यातले चार संपले होते. ‘‘आईला सांगू नकोस.’’ मी नाही सांगितलं. रोज फोनवर ‘चकल्या खुसखुशीत आहेत का’ला हो म्हणत राहिले.

रविवारी बातमी आली, ग्रिंचला काढलं. नाशिककराने टाळी मागितली. दादाने दिली नाही. ‘‘त्याला निदान देश नाही सोडावा लागणार,’’ एवढंच म्हणाला आणि भांडी घासायला गेला. नाशिककराला त्याची नोकरी गेल्याचं अजून माहीत नव्हतं. नंतर कळलं तेव्हा त्याने दादाच्या वाट्याचं भाडं दोन महिने गुपचूप भरलं, पण तो वेगळा लेख होईल.

डिसेंबरात नवा कोच आला, डी’अँटन लिन. तोही कुठून, तर यूसीएलए या शहरातल्याच हाडवैऱ्याकडून! त्याच्याच डिफेन्ससमोर नोव्हेंबरात आपण ३८-२० हरलो होतो. मी तोवर पुण्यात परतले होते, आणि या तिघांचा वाद ग्रुप कॉलवर ऐकायचे. नाशिककराच्या मते आता सगळं सुधारणार. कोल्हापूरकराच्या मते पोरं तीच तर पकड तीच. दादा अर्ज भरता भरता बोलायचा. सत्तावन्नाव्या दिवशी तो दोन बॅगा घेऊन पुण्याला आला.

१ सप्टेंबर २०२४ ची लास वेगासमधली एलएसयूची मॅच. आपल्याकडे पहाट. मावशीच्या कोथरूडच्या हॉलमध्ये दादा लॅपटॉप मांडीवर घेऊन, मी उशी कवटाळून. आठ सेकंद उरलेली असताना आपण आघाडी घेतली. २७-२०. मीसुद्धा ओरडले! समोरच्यांचे फक्त २० झालेले होते, आणि दादा पुनःपुन्हा तेवढंच म्हणत होता, ‘‘वीस. फक्त वीस.’’ पुढे त्याच सीझनमध्ये शेवटच्या क्वार्टरमध्ये मॅचेस घालवण्याचा नवाच रोग लागला. रेकॉर्ड ७-६. दर मॅचला खाल्लेले पॉइंट्स मात्र साधारण चौतिसावरून चोविसावर आले. वाद अर्थातच चालू आहे.

त्या दिवशी मावशी चहा घेऊन आली. सगळा ग्रिंच-पुराण तिला एव्हाना पाठ.

‘‘आणि तो जुना रे? काढलेला?’’

‘‘त्याला लागली नोकरी. विस्कॉन्सिनला.’’

‘‘चला, बरं झालं,’’ मावशी म्हणाली आणि पोहे भिजवायला आत गेली.