पावणेसहाचा रस्ता

सायकल खांद्यावर घेऊन दोन मजले उतरताना पायरीला चाक लागू द्यायचं नाही, हा माझा गेल्या अठरा वर्षांचा नेम. इमारत झोपलेली असते. खाली आल्यावर टायर अंगठ्याने दाबून बघायचा, मागचा लाल दिवा लावायचा आणि निघायचं. गोरेगाव पश्चिमेतून पूर्वेला जाईपर्यंतचा रस्ता मी हिशेबात धरत नाही. उड्डाणपूल, द्रुतगती महामार्ग, रात्रभर चालून आलेले ट्रक, सिग्नलला घुरघुरणारी इंजिनं. ते नुसतं पार करायचं. माझी सकाळ सुरू होते ती आरेचा नाका मागे टाकल्यावर. पाण्याने भरलेल्या माठाशेजारून जावं तसा गारवा आधी दंडांना लागतो, मग कानांना. थोडं आत गेलं की महामार्गाचा आवाज विरतो आणि आपल्याच सायकलचा ऐकू येऊ लागतो. चेनची बारीक सळसळ, टायरखाली आलेलं वाळकं पान, आणि चढ लागला की आपला श्वास.

आमच्या घराच्या करारनाम्यावर ‘मौजे पहाडी गोरेगाव’ असं लिहिलेलं होतं. लहानपणी मी वडिलांना विचारलं होतं, “अण्णा, पहाड कुठाय?” त्यांनी खिडकीतून पूर्वेकडे बोट दाखवलं. समोर फक्त दुसऱ्या इमारतीची गच्ची आणि तिच्यावरची टाकी दिसत होती. लोकलमध्ये वाढलेल्या माणसाला मुंबई सपाट वाटते. बसमध्ये बसलेल्याला चढ कळतो तो ड्रायव्हरने गिअर बदलल्यावर, आणि तेव्हाही तो ड्रायव्हरचा असतो. पहाडी हे नाव मला खरोखर समजलं ते मांड्यांमधून, या रस्त्यावर, एकेक गिअर हलका करत जाताना.

वाहनांविना रस्ता म्हटलं की लोकांना दूरचे डोंगर आठवतात. इटलीतल्या स्टेल्व्हिओ घाटात वर्षातून एक दिवस मोटारी बंद ठेवतात आणि 2,757 मीटर उंचीच्या खिंडीपर्यंत हजारो सायकली चढत जातात. घाटाच्या एका अंगाला 48 वळणं आहेत. मी तिथे गेलेलो नाही. जायला आवडेल. पण गोरेगावात राहणाऱ्याला असा रस्ता शोधायला नकाशा उपयोगी पडत नाही, घड्याळ पडतं. आरेतून मरोळकडे आणि पवईकडे जाणारा रस्ता दिवसभर मोटारींनी, रिक्षांनी, डंपरांनी भरलेला असतो. तोच रस्ता पहाटे थोडा वेळ मोकळा होतो. मी सायकल चालवायला लागलो तेव्हा तो मोकळेपणा जवळजवळ सातपर्यंत टिकायचा. आता सव्वासहा-साडेसहालाच पाठीमागून हॉर्न येतो. अठरा वर्षांत रस्ता तेवढाच राहिला, त्याची सकाळ मात्र आखूड झाली.

आणि फार लवकरही जाता येत नाही. सुरुवातीच्या वर्षात एकदा मी साडेचारला आत शिरलो होतो. वळणावर एका पाड्यातले म्हातारे आजोबा काठी घेऊन उभे होते. त्यांनी हात आडवा करून मला थांबवलं. “दादा, तांबडं फुटल्याबिगर येऊ नको. ही त्याची वेळ हाय.” कोणाची, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. इथले वारली वाघोबाला पुजतात, त्याच्याशी शेजाऱ्यासारखे राहतात, आणि शेजाऱ्याच्या वेळा पाळाव्या लागतात. तेव्हापासून मी थंडीच्या दिवसांत नाक्याशी चहाच्या गाडीजवळ उभा राहतो आणि पूर्वेकडे बघतो. उजेड उशिरा होतो, वाहनं मात्र आपल्या वेळेवर येतात. डिसेंबरात माझ्या वाट्याला कधीकधी वीस मिनिटं येतात. ती वीस मिनिटं मी कशाच्याही बदल्यात देणार नाही.

पहिल्या चढाला नाकात शेणाचा आणि ओल्या पेंढ्याचा वास भरतो. शहरभर विखुरलेले म्हशींचे गोठे एका जागी आणावेत, लोकांना स्वच्छ दूध मिळावं, म्हणून 1949 मध्ये आरेची ही वसाहत उभी राहिली. 1951 मध्ये पंडित नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. जवळजवळ 1,287 हेक्टर जमीन, तीसेक गोठे, सुमारे 16,000 जनावरं. त्यामागे दूध आयुक्त दारा खुरोडींची मेहनत होती, ज्यांना 1963 मध्ये वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. इथल्या पत्त्यात गल्ली नसते, युनिट असतं. ‘सात नंबर युनिटच्या पुढे’ असं म्हटलं की रिक्षावाल्याला बरोबर कळतं. ज्या रस्त्यांवर आम्ही सायकली चालवतो ते मुळात दुधासाठी बांधलेले रस्ते. त्यांची वळणं गोठ्यांच्या सोयीने पडलेली आहेत, म्हणून ती अशी सैल, न घाई करणारी वाटतात.

पण दुधाच्याही आधी इथे माणसं होती. आरेत 27 पाडे आहेत असं सांगतात. पहाटे रस्ता रिकामा असतो असं मी म्हणतो खरं, पण तो मोटारींपासून रिकामा असतो. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन नाक्याकडे निघालेल्या बाया भेटतात. पावसाळ्यात पाटीत शेवळं असतात, टाकळा असतो, कुडाची फुलं असतात. त्या रस्त्याच्या मधून चालतात, एकमेकींशी बोलत, कडेला न होता. दिवसा त्यांना गटारालगत चालावं लागतं. त्यांचं हे मधून चालणं मला फार आवडतं. मी घंटी वाजवत नाही, वेग कमी करतो, आणि त्या बोलणं न थांबवता मला वाट देतात.

चढ संपतो तिथे मी एक पाय टेकून उभा राहतो. फेब्रुवारीत समोर काटेसावर पेटलेली असते, एकही पान नसलेली. तांबट ठोका धरतो. इथून पुढे रस्ता पवईच्या अंगाला उतरतो, मागे गोरेगावच्या. बरीच वर्षं माझ्या लेखी हा फक्त दम खायचा थांबा होता. मग 26 जुलै 2005 ची आठवण एका सकाळी नव्याने आली. त्या दिवशी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला होता आणि मी गुडघ्याच्या वरच्या पाण्यातून अंधेरीहून चालत घरी आलो होतो. तेव्हा एवढं पाणी कुठून आलं हे कुणालाच उमगत नव्हतं. या चढावर उभं राहिलं की उमगतं. पश्चिमेच्या उतारावर पडलेला पाऊस ओशिवरा नदीला जातो आणि गोरेगावातून मालाडच्या खाडीला. पलीकडचं पाणी विहार आणि पवईच्या तलावांच्या सांडव्याला मिळून मिठी होते आणि माहीमला समुद्र गाठते. उत्तरेला याच डोंगरांतून पोईसर निघते, दहिसर निघते. म्हणजे आपण उपनगरं म्हणतो ती चार नद्यांची खोरी आहेत. शाळेत आम्ही गोदावरी-कृष्णेची खोरी पाठ केली. स्वतःच्या घराचं खोरं कोणतं, हे सायकलने शिकवलं.

विहारचा तलाव 1860 चा. मुंबई शहराला नळाने पाणी मिळालं ते आधी इथलं. आणि त्याच डोंगराच्या पायथ्याला असलेल्या गोरेगावातल्या बायकांना पिण्याच्या पाण्यासाठी मृणालताई गोरेंच्या मागे मोर्चे काढावे लागले, तेव्हा कुठे नळ आले. ‘पाणीवाली बाई’ हे त्यांचं नाव आमच्याकडे आज्या अजूनही घेतात ते देवाचं नाव घ्यावं तसं.

रविवारी मी जास्त लांब जातो, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात. फाटकापासून कान्हेरी सहा-सात किलोमीटर. सुरुवातीला रस्ता दहिसर नदीच्या संगतीने जातो, मग तिला सोडून वर चढतो. शेवटचा चढ खरा. तिथे सीटवरून उठून पेडलवर उभं राहावं लागतं. कारवीच्या झुडपांनी दोन्ही कडा भरलेल्या असतात; ती सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, आणि तिचा निळा-जांभळा हंगाम मिळाला तर त्या चढाचे कष्ट कुणी मोजत नाही. वर काळ्या दगडात शंभरावर लेणी. मी चैत्यगृहात जातो, पण जास्त वेळ बसतो तो पाण्याच्या पोढ्यांशेजारी. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी कोरलेली टाकी, आणि डोंगरावरचं पाणी तिच्यात आणणाऱ्या बारीक पन्हळी. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी भर पावसात या खडकावर बसून पाणी कुठून कसं वाहतं ते पाहिलं असणार, मगच छिन्नी लावली. सोपारा आणि कल्याणच्या बंदरांकडून माल घेऊन येणारे व्यापारी इथे दान देऊन जात. त्यांची वाटही चालण्याच्या वेगाची होती. तो वेग सायकलला जवळचा आहे.

2020 मध्ये टाळेबंदीत अडीच महिने सायकल भिंतीला टेकून होती. 3 जूनपासून पहाटे पाच ते संध्याकाळी सात बाहेर चालायला, सायकल चालवायला परवानगी मिळाली, आणि नेमकं त्याच दिवशी निसर्ग वादळ कोकणच्या किनाऱ्याला धडकलं. मी आणखी दोन दिवस थांबलो. मग गेलो तेव्हा आरेत रस्ताभर गुलमोहराचा सडा होता आणि त्याच्यावरून एकही चाक गेलेलं नव्हतं. सात वाजले, आठ वाजले, नऊ वाजले. कुणी आलं नाही. मोरांचे आवाज उन्हातही चालू होते. शहर आजारी होतं, माणसं जात होती, आणि मी असा सुंदर रस्ता आयुष्यात पाहिला नव्हता. त्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात होत्या आणि मला परत वळवत नव्हतं.

त्याच्या काही महिने आधीची एक सकाळ मात्र मी टाळली होती. 4 ऑक्टोबर 2019 च्या रात्री आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं कापायला सुरुवात झाली. सर्वोच्च न्यायालयाने 7 तारखेला थांबवेपर्यंत 2,141 झाडं गेली होती. लोक रात्रभर तिथे उभे होते. नंतर गेलो तेव्हा लांबूनच ओल्या लाकडाचा वास आला. मेट्रो मला हवी होती, आजही हवी आहे; रस्त्यावरच्या मोटारी कमी करणारी प्रत्येक गोष्ट मला हवी आहे. पण तो वास माझ्या अंगातून अजून गेलेला नाही. आता गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे 4.7 किलोमीटरचे जुळे बोगदे उद्यानाच्या पोटातून जाणार आहेत.

मला महापालिकेची एक योजना नावासकट आवडते: तानसाच्या जलवाहिन्यांच्या कडेने 39 किलोमीटरचा सायकल-मार्ग, ‘हरित वारी, जलतीरी’. ज्याने कुणी हे नाव ठेवलं त्याला पाणी आणि चाल यांचं नातं कळलेलं होतं. बोगोटा शहरात गेली पन्नासएक वर्षं दर रविवारी शंभरावर किलोमीटर रस्ते मोटारींना बंद असतात. मी त्याहून फार थोडं मागतो. आरेच्या रस्त्यावर रविवारी आठपर्यंत फक्त बस, रुग्णवाहिका, दुधाच्या गाड्या आणि पाड्यातल्या लोकांची वाहनं. बाकीच्यांनी महामार्गाने जावं. भाजीच्या पाट्या घेऊन बायांना रस्त्याच्या मधून चालता येईल, तेवढ्यासाठी तरी.

गेल्या पावसाळ्यात भाची राहायला आली होती, अकरा वर्षांची. पहिल्यांदाच आरेचा चढ चढली. अर्ध्यात दोनदा उतरली, सायकल ढकलली, पुन्हा बसली. वर पोचल्यावर मी तिला चार नद्यांचं सांगितलं. तिने ओशिवरा म्हणजे बसडेपो एवढंच ऐकलं होतं.

“मामा, खोटं. नदी कुठाय?”

उतारावर थोडं खाली एका मोरीपाशी आम्ही सायकली आडव्या ठेवल्या. टाकळ्यातून, दगडांखालून, मनगटाएवढी धार येत होती. ही नदीच का, तिला जाऊन मिळणारा कुठला ओहोळ, ते मी तिला नीट सांगू शकलो नाही. तिने चप्पल काढली, पाण्यात उभी राहिली, एक पान सोडलं. ते मोरीत गेलं. ती रस्ता ओलांडून पलीकडे धावली, दोन्ही बाजूंना न बघता, आणि मीही तिला ओरडलो नाही, कारण रस्त्यावर कुणीच नव्हतं.

“मामा, आलं! चल, हिच्याबरोबर घरी जाऊ.”

पेडल न मारता आम्ही उतरलो, दोन्ही चाकांची टिकटिक ऐकत.