जमिनीचे आवाज आणि बातमीवरचा अविश्वास

बातमीवरचा विश्वास एका दिवसात उडत नाही. स्वतःच्या कानांनी ऐकलेले, अंगावर अनुभवलेले जेव्हा ‘घडलेच नाही’ म्हणून छापून येते, तेव्हा अविश्वासाला सुरुवात होते. लातूर-नांदेड भागात भूगर्भातून येणाऱ्या आवाजांच्या निमित्ताने हे पुन्हापुन्हा घडले आहे.

या अविश्वासाचे मूळ किल्लारीत आहे. 1992 मध्येच तिथे लहान धक्के बसू लागले होते. त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात मात्र हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या विभाग 1 मध्ये होता. पुढे धक्के कमी झाले आणि लोक निर्धास्त झाले. 30 सप्टेंबर 1993 रोजी, गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे 3.56 वाजता भूकंप झाला. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास 10 हजार माणसे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. 2002 च्या नकाशात विभाग 1 रद्द झाला. ‘घाबरण्याचे कारण नाही’ या सरकारी वाक्यावरचा लोकांचा भरवसा मात्र परत आला नाही.

त्यानंतरही जमीन गुरगुरत राहिली. 2006-07 च्या सुमारास नांदेड शहरात, 2022 मध्ये निलंगा तालुक्यातील हासोरीत आणि 15 फेब्रुवारी 2023 रोजी लातूरच्या विवेकानंद चौक परिसरात असे आवाज ऐकू आले. उथळ खोलीवरचा अगदी लहान भूकंप हे अशा आवाजांचे एक परिचित कारण आहे. कठीण खडकातून आलेल्या लहरी हवेत शिरल्या की गडगडाट होतो. धक्का फारच क्षीण असेल तर दूरच्या भूकंपमापकावर तो उमटत नाही. मग ‘भूकंपाची नोंद नाही’ एवढीच बातमी येते. यंत्राची मर्यादा कोणी समजावून सांगत नाही आणि ज्याच्या घरातली भांडी वाजली, तो म्हणतो, “हे लोक दडपतायत.”

21 मार्च 2024 च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचा भूकंप झाला आणि काही मिनिटांतच दुसरा धक्का बसला. दोन्ही नांदेडपर्यंत जाणवले. प्रस्तुत लेखिकेच्या नांदेडमधील गल्लीत सगळे घराबाहेर आले. या वेळी नोंद झाली होती, बातमीही लगेच आली. तरी दिवस मावळायच्या आत ‘आज रात्री मोठा धक्का, टीव्हीवाले दाखवणार नाहीत, सर्वांना कळवा’ असा संदेश मोबाइलवर फिरू लागला. काही कुटुंबांनी अंथरुणे अंगणात टाकली. औसा तालुक्यातून लेखिकेच्या काकूंचा फोन आला. भूकंपाची वेळ आधी सांगता येत नाही, असे समजावल्यावर त्या म्हणाल्या, “बाई, त्र्याण्णवला तरी आम्हाला कुणी सांगितलं होतं?” काकू अडाणी नाहीत. रोज पेपर वाचतात. त्यांचा संशय अनुभवातून आलेला होता.

अफवेचे बळ तिच्या रचनेत असते. ती नेमकी वेळ सांगते, दोषी कोण ते सांगते आणि ओळखीच्या माणसाकडून येते. बातमी मात्र परक्या तोंडची असते आणि बऱ्याचदा तिच्याकडे उत्तरही अर्धेच असते. शिवाय वर्तमानपत्राचे मौन हाच अफवेचा पुरावा ठरतो. रात्र सुखरूप गेली तरी संदेश खोटा ठरत नाही. ‘या वेळी टळलं’ असे म्हणून लोक पुढच्या संदेशाची वाट पाहतात. एका विषयात बसलेला अविश्वास मग लस, पाणी, निवडणूक अशा इतर विषयांतही शिरतो.

अशा संदेशांची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठेचून मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी फक्त पाच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. त्यामुळे अफवेचा वेग कमी होतो, संशय जात नाही.

संशय घालवण्याचा मार्ग लांबचा, पण सरळ आहे. आवाज झाला की प्रशासनाने आणि वर्तमानपत्रांनी त्याच दिवशी ‘आवाज झाला’ हे आधी मान्य करावे. यंत्रावर काय नोंदले गेले, काय नोंदले गेले नाही आणि का, हे साध्या मराठीत सांगावे. जे अजून कळलेले नाही तेही लपवू नये. वाचकानेही एवढे पक्के लक्षात ठेवावे की भूकंपाचा दिवस आणि तास आधी सांगणारे शास्त्र आज जगात कुठेही नाही. तशी वेळ सांगणारा संदेश आला तर तो पुढे पाठवू नका. मजबूत घर आणि भूकंपाच्या वेळी काय करायचे याची घरातल्या प्रत्येकाला असलेली माहिती, एवढेच खरे संरक्षण आहे.