सड्यावरची चार महिन्यांची तळी

संपादकांनी कोकणातल्या सड्यांवरच्या फुलांविषयी लिहायला सांगितलं होतं. या वर्षी मला त्या फुलांखालच्या पाण्याविषयी लिहायचं आहे. उन्हाळ्यात माझ्याकडे एका प्रकल्पाचा अहवाल मतासाठी आला आणि तो अजून मनातून जात नाही. दक्षिण रत्नागिरीतला सडा, पाहणी एप्रिलमधली, निष्कर्ष एका ओळीचा: प्रकल्पक्षेत्रात जलसाठा नाही. याच सड्यावर ऑगस्टमध्ये घोटाभर पाण्यात उभं राहून मी वनस्पतींच्या नोंदी केल्या आहेत.

सडा म्हणजे जांभ्याचं पठार; त्याच्या कातळात जागोजागी उथळ खळगे असतात. जूनमध्ये ते भरतात, पाऊस सरला की आटतात. तेवढ्या काळात गेंद फुलतो, कीटक खाणारी सीतेची आसवं फुलतात आणि पाण्यात उताणी पोहणारी परी-कोळंबी जन्मून, अंडी घालून मरते. ती अंडी कोरड्या गाळात अख्खा उन्हाळा काढतात. तळं आटतं म्हणून तिथे मासे टिकत नाहीत, आणि मासे नाहीत म्हणून हा जीव टिकतो. ‘त्याऐवजी बारमाही शेततळं बांधून देऊ’ असं मला सभांमधून आजही ऐकवलं जातं, तेव्हा मन खट्टू होतं. आटणं हाच या तळ्याचा प्राण आहे.

पर्यावरण परिणाम अभ्यासात पायाभूत माहिती पावसाळा सोडून एका हंगामात गोळा करण्याची पद्धत आहे. हवेतली धूळ मोजायला ते ठीक, पावसात धूळ खाली बसते. पण तोच हंगाम पाण्याला आणि जीवसृष्टीलाही लावला, तर चार महिन्यांचं तळं कागदावर येणारच कसं? उपग्रहावरून केलेला पाणथळ जागांचा नकाशाही इथे कामाचा नाही. 2011 च्या राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहात सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या 2,01,503 जागा आखल्या आहेत, आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संरक्षण दिलं ते त्यांनाच. त्याहून लहान जागा नुसते ठिपके म्हणून मोजल्या. त्या नकाशांसाठी वापरलेल्या प्रतिमेतला एक चौकोन साडेतेवीस मीटरांचा, म्हणजे जवळजवळ साडेपाच गुंठ्यांचा. सड्यावरची कित्येक तळी पाच पावलांत ओलांडता येतात. ती ठिपका म्हणूनही उमटत नाहीत. या मुद्द्यावर मी कित्येक बैठकांत वाद घातला आहे आणि घालत राहीन. सातबाऱ्यावर पोटखराबा, नकाशावर कोरं, अहवालात शून्य. मग सुरुंग लावायला हरकत कोण घेणार?

चिरेखाणी बंद करा, कलमं लावू नका, असं मी म्हणत नाही. घरं चिऱ्यांची बांधतो, आंबा विकून मुलं शिकतात. प्रश्न जागेचा आहे. तळं वाचवायचं तर नुसता खळगा सोडून भागत नाही; त्यात पाणी आणणारा वरचा उघडा कातळही सोडावा लागतो. वरच्या बाजूने रस्त्याचा भराव आडवा टाकला, की तळं शाबूत दिसतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत गवताने भरून जातं. रस्ता थोडा वळवला किंवा भरावाखाली मोऱ्या घातल्या, तर दोन्ही गोष्टी साधतात. हे मी करून घेतलेलं आहे, खर्च फार वाढत नाही.

कोणतं तळं कुठे आहे, हे गुराखी सांगतात. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी आणि लोकजैवविविधता नोंदवही हवी. या नोंदवहीत झाडांची आणि पक्ष्यांची नावं भरलेली मी पाहते. सड्यावरची तळी क्वचितच सापडतात. गुराख्यांना सोबत घेऊन, पावसाळ्यात फिरून, गट क्रमांकासह ती लिहिली, तर ग्रामसभेला प्रकल्पवाल्यांपुढे ठेवायला स्वतःचा कागद मिळतो. एप्रिलच्या अहवालाला उत्तर जुलैच्या नोंदीनेच देता येतं.

तुमच्या गावाला सडा असेल, तर येत्या पावसाळ्यात समितीला घेऊन एकदा वर जा. जमीन खाणीला, कलमांना किंवा रस्त्याला देण्याआधी जा.