फिनिक्सचा उन्हाळा आणि सुट्टीतली भूक

२०२३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या फिनिक्स शहराने सलग ३१ दिवस ४३ अंशांच्या पुढचं तापमान सोसलं. पुढच्या वर्षी मी तिथे इंटर्न होते. त्या वर्षी मे अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पारा रोज ३८ अंशांच्या घरात किंवा त्याच्याही वर राहिला. मी लातूरची, त्यामुळे ऊन मला नवं नव्हतं. नवं होतं ते उन्हाळ्याचं भुकेशी असलेलं नातं. ते मला कळलं एका संध्याकाळी, ऑफिसच्या मंडळींबरोबर मदतनिधीच्या एका कार्यक्रमाला गेले तेव्हा.

आमच्या कंपनीने एका स्थानिक फूड बँकेसाठी एक टेबल घेतलं होतं. म्हणजे टेबलाभोवतीच्या सगळ्या खुर्च्यांचे पैसे एकरकमी भरायचे आणि त्या खुर्च्यांवर आपली माणसं पाठवायची. टीममधल्या मोठ्या मंडळींबरोबर आम्हा इंटर्नचीही वर्णी लागली. साताऱ्याकडचे एक सहकारीही होते. ऑफिसात सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. मी मात्र त्यांना दादा म्हणते.

हॉलमध्ये शिरल्याबरोबर लिलावाच्या वस्तू मांडलेल्या दिसल्या: बेसबॉलच्या सामन्याची तिकिटं, सेडोनातल्या हॉटेलचा मुक्काम, स्थानिक चित्रकारांची चित्रं. बोली फोनवरून लावायची. प्रत्येक वस्तूखाली तिची अंदाजे बाजारभावाची किंमत छापलेली होती. ती कशासाठी, हे शेजारी बसलेल्या अकाउंट्समधल्या बाईंनी समजावून सांगितलं. अमेरिकेच्या करकायद्यात देणगीच्या बदल्यात काही मिळालं, तर त्याची किंमत वजा करून उरते तेवढीच रक्कम देणगी धरतात. ७५ डॉलरच्या वर रक्कम घेऊन बदल्यात काही देणाऱ्या संस्थेला हा हिशेब देणगीदाराला लेखी द्यावा लागतो. आमच्या जेवणाच्या तिकिटालाही हाच नियम होता. झगमगाटाच्या मागे इतका चोख हिशेब असतो, हे पाहून माझा त्या कार्यक्रमावरचा विश्वास वाढला.

फूड बँक ही कल्पना जन्मली तीच या शहरात. १९६० च्या दशकात जॉन व्हॅन हेंगेल नावाचे गृहस्थ फिनिक्समधल्या एका मोफत भोजनगृहात स्वयंसेवक होते. दहा मुलांची एक आई त्यांना भेटली. सुपरमार्केटच्या मागे टाकून दिलेलं, पण खाण्याजोगं अन्न गोळा करून ती मुलांची पोटं भरत होती. ज्यांच्याकडे जास्त आहे त्यांनी अन्न ठेवायचं आणि ज्यांना हवं त्यांनी न्यायचं, अशी एक जागा हवी, हा विचार तिच्या बोलण्यातून पुढे आला. सेंट मेरीज चर्चने जुन्या बेकरीची इमारत आणि ३,००० डॉलर दिले, आणि १९६७ मध्ये जगातली पहिली फूड बँक उभी राहिली. पहिल्याच वर्षी तिने सुमारे सव्वा लाख किलो अन्न वाटलं. आज ‘फीडिंग अमेरिका’ या संस्थेच्या जाळ्यात देशभरातल्या सुमारे २०० फूड बँका आहेत. सद्भावनेने दिलेल्या अन्नामुळे दात्यावर खटल्याची वेळ येऊ नये, म्हणून १९९६ मध्ये कायदाही झाला.

आणि तरीही, अमेरिकेच्या कृषी खात्याच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये तिथल्या १३.५ टक्के कुटुंबांना वर्षभरात केव्हा ना केव्हा पुरेशा अन्नाची शाश्वती नव्हती. त्या घरांत ४ कोटी ७४ लाख माणसं राहत होती.

जेवण संपत आलं तेव्हा शाळेच्या कॅन्टीनमध्ये काम करणारी एक बाई मंचावर आली. ती मोजकंच बोलली. शालेय वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात काही मुलं सफरचंदं आणि दुधाची खोकी दप्तरात ठेवायला लागतात, असं तिने सांगितलं. अमेरिकेत १९४६ पासून राष्ट्रीय शालेय भोजन योजना आहे. रोज जवळपास ३ कोटी मुलं शाळेत जेवतात, आणि गरीब घरांतल्या मुलांना ते जेवण मोफत किंवा सवलतीत मिळतं. शाळा बंद झाली की हे ताट थांबतं. सुट्टीत मुलांना खाऊ घालणारी केंद्रं आहेत. पण चटके देणाऱ्या रस्त्यावरून तिथवर मुलाला नेणार कोण? २०२४ पासून केंद्र सरकारने सुट्टीसाठी दर मुलामागे महिना ४० डॉलरची योजना सुरू केली. पहिल्या वर्षी अनेक राज्यांनी ती घेतलीच नाही.

फिनिक्समध्ये याला आणखी दोन गोष्टी जोडल्या जातात. एसीचं बिल चढतं, आणि ते भरण्यासाठी किराण्याला कात्री लागते. शिवाय हिवाळ्यापुरते इथे राहायला येणारे सुखवस्तू निवृत्त लोक उन्हाळ्यात थंड प्रदेशात परततात. त्यांच्याबरोबर देणग्याही आटतात आणि स्वयंसेवकही कमी होतात. थँक्सगिव्हिंग आणि नाताळात डब्यांचे ढीग लागतात. जुलैत फळ्या रिकाम्या दिसतात. कार्यक्रम ऐन उन्हाळ्यात ठेवण्याचं कारण हेच होतं.

मग देणगीसाठी हात वर करायची वेळ आली. प्रत्येकाजवळ क्रमांकाची पाटी होती. निवेदक मोठ्या रकमेपासून खाली येत गेला. त्या त्या टप्प्याला पाट्या वर जात होत्या आणि कार्यकर्ते क्रमांक टिपत होते. शेवटचा टप्पा पंचवीस डॉलरचा होता. तेव्हा आम्ही सगळ्या इंटर्ननी पाट्या उंचावल्या. आमच्या देणगीएवढीच रक्कम कंपनीही घालणार होती. ही पद्धत अमेरिकेत १९५४ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या फाउंडेशनने सुरू केली आणि आता ती असंख्य कंपन्यांत रुळली आहे.

परतताना गाडीत दादा म्हणाले, “अगं, माझे आजोबा रयतच्या बोर्डिंगात शिकले ते मुष्टिफंडावर.” कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. दळण घेण्याआधी घराघरातल्या बायका मूठभर धान्य बाजूला काढत आणि ते वसतिगृहातल्या मुलांसाठी गोळा होई. मुलांच्या जेवणासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, हे सातारा जिल्ह्यात घरोघरी ठाऊक आहे. “पाटी वर करायला सोपी आहे,” दादा म्हणाले, “पण ती मूठ रोजची होती.”

मला आठवलं ते २०१६ चं लातूर. मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं आणि आम्ही शाळकरी मुलं घागरी घेऊन रांगेत उभे होतो. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळी भागांतल्या मुलांना उन्हाळी सुट्टीतही शालेय पोषण आहार द्यायचा आदेश दिला. फिनिक्समधल्या त्या बाईंनी मंचावरून जे सांगितलं, ते मराठवाड्यातल्या कुठल्याही शिक्षिकेला नवं वाटणार नाही.

आपल्याकडे दिवाळीत वसतिगृहांत आणि आश्रमांत फराळाचे डबे इतके येतात की ठेवायला जागा उरत नाही. वाढदिवसाला केक येतो. मे महिन्यात, शाळा बंद आणि शेतातलं काम थांबलेलं असताना, कोणी फिरकत नाही. म्हणून वाचकांना माझी विनंती आहे: तुमच्या गावातली मुलांना जेवू घालणारी एखादी संस्था निवडा, तिला आधी फोन करून काय हवंय ते विचारा, आणि जमेल ती रक्कम दर महिन्याला पाठवा. एप्रिल आणि मे मात्र चुकवू नका.